आठवड्याला एक प्रेम

नुकत्याच कापलेल्या भाताचा गोडसर गंध, अंगणात रेंगाळणारं पिवळं ऊन, दिग्गी गावाच्या बाजूच्या रानात विरत जाणारी मोराची साद. आणि अशा प्रसन्न सायंकाळी माझ्या माजघरात एक परकी बाई तगालोग भाषेत हमसून हमसून रडत असते! ती फिलिपिन्सच्या मालिकेतली. तिच्यासाठी डोळे पुसते ती मारिसेल, माझी सून. लेक जहाजावर नोकरीला, तिथंच त्याला ही भेटली. तो पुन्हा समुद्रावर गेला आणि कुंभारवाडा गावातल्या या घरात उरलो आम्ही दोघी अन् तो टीव्ही.

बरं, मालिका तरी धड असावी! दर आठवड्याला नवी प्रेमकथा. जन्मभर मराठी शाळेत शिकवलेल्या मी, भाषेचं अक्षर कळत नसताना, केवळ मुद्रा पाहून एखाद्या जोडप्यात जीव गुंतवावा, तर शुक्रवारी त्यांचा निकाल लागतो आणि सोमवारी तीच नटी दुसऱ्याच्या गळ्यात! शेजारची गंगाक्का तर उखडलीच. "अगो बाई, ही मेल्ली न्हवं गेल्या आठवड्यात? आन् आज परत लगीन?" खरंच, अनुरागाला काही कालावधी नको का? आमच्याकडे लोणचं मुरायलाही याहून अधिक दिवस लागतात.

पण माझ्या वैतागाचं मूळ निराळंच आहे. प्रत्येक कथेत एक विमानतळ असतो. कुणीतरी बॅग ओढत निघून जातं आणि दारात एक म्हातारी डोळे लावून उभी राहते. इकडे मारिसेलला सहावा लागलाय आणि पुढच्या महिन्यात ती माहेरी निघणार. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तर आपलीच. नको कोणत्या तोंडानं म्हणू? पण बाळ तिकडेच रांगायला लागलं आणि ही परतलीच नाही तर?

काल न राहवून विचारलंच, "तुमच्या गोष्टीत गेलेलं माणूस परत येतं की नाही गं?" इथल्या बायकांत राहून शिकलेल्या बोलीत ती म्हणाली, "कवा येतंय, कवा न्हाई, आई." एवढं खरं बोलायची काय गरज होती? खोटं का होईना, 'व्हय' म्हणाली असती तर काय जीभ झडली असती तिची? मी तरातरा मागच्या दारी गेले. ती हळूच मागून आली. "तिकडं माजी आई बी फोनवर ह्येच इचारती. येणार न्हवं, म्हणून." यावर चिडायचं तरी कुणावर!

आज सकाळी गंगाक्काला सांगून टाकलं, मीही जाणार मारिसेलबरोबर. तिनं कपाळावर हात मारला. "सासू कुटं सुनंच्या म्हायेराला जाती व्हय, बाळंतपणाला?" नसेल जात. पण दार धरून रडायला मी काय मालिकेतली म्हातारी आहे? उद्याच्या पहिल्या बसनं तालुक्याला, जोयड्याला जाऊन पासपोर्टाची चौकशी करणार आहे. नातवंड आधी कुणाच्या मांडीवर, हे भांडण विहीणबाईंशी समोरासमोरच झालेलं बरं.