माझ्याकडे, तुमच्याकडे

बालवर्गाच्या बाईंनी आयुष्यात कधी धावत जाऊन बस पकडली नव्हती. बसच त्यांच्यासाठी थांबायची, कारण ती चालवणारे त्यांचे यजमानच होते. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यजमानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, आणि तोही इतका उशिरा कळला की बघता बघता उजेड आणि अंधार एवढाच फरक त्यांना दिसायचा राहिला. बस गेली. गल्लीत मात्र सगळे त्यांना अजून ड्रायव्हरसाहेबच म्हणायचे.

साहेब काही घरात हातपाय गाळून बसणाऱ्यातले नव्हते. हातभर दोरीचं एक टोक धाकट्या भावाच्या हातात, दुसरं आपल्या हातात, असं करून ते पळायला लागले. पळता पळता अंगात इतकं वारं शिरलं की वसंतातल्या मॅरेथॉनमध्ये नाव घालून मोकळे झाले. तीही पूर्ण, अर्धीमुर्धी नाही!

आणि थंडी सुरू व्हायला नि त्या भावाची बदली व्हायला एकच गाठ पडली. लेकीने फोनवर सांगितलं की बाबांना समजाव, पुढच्या वर्षी बघू. ते ऐकून साहेब नुसतं "बरं" म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. भांडले असते तर बाईंनी ऐकून घेतलं असतं, पण ते "बरं" त्यांना ऐकवेना.

"मी पळते तुमच्याबरोबर," बाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि लगेच पस्तावल्या. पण तोंडातून गेलेला शब्द काय परत येतो?

पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या लॉण्ड्रीपर्यंत जाईतो बाईंच्या नाकी नऊ आले. थंडी अशी की कान गळून पडतील की काय. लोकरीची टोपी, वर मफलर, वर साहेबांचा जुना खाकी स्वेटर, अशा अवतारात त्या पळत होत्या. पळत कसल्या, घरंगळत होत्या म्हणा. पण बाई चिवट. दिवसभर पोरांमागे धावून पाय मुळात दणकट झालेले, दमच काय तो कमी होता. तोही हळूहळू वाढला. सवयीची एक गोष्ट तेवढी सुटली नाही. निघताना रोज साहेबांना विचारायच्या, "शू करून घेतली ना?" आणि साहेबही मुकाट्याने "हो बाई" म्हणायचे.

दोरीची भाषा साहेबांनी बसमधूनच आणली होती. एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. "इतकी वर्षं कंडक्टरने माझ्यावर राज्य केलं, आता तू कर," असं ते म्हणायचे. बाकीचं तोंडाने सांगायचं. खड्डा, पायरी, वळण, डावीकडे, उजवीकडे. बाई साहेबांच्या डाव्या बाजूने पळायच्या, आणि शाळेत बोलून बोलून घसा तयार असल्यामुळे त्यांचं सांगणं पलीकडच्या गल्लीतही ऐकू जायचं.

मग ती धुक्याची सकाळ उजाडली. तळ्याकाठच्या रस्त्यावर दुरुस्तीवाल्यांनी रातोरात लोखंडी कठडा आणून ठेवला होता, नेमका साहेबांच्या वाटेत, तिथून थेट उजव्या कडेपर्यंत. दिसला तेव्हा तो अगदी पुढ्यात होता. साहेबांना आपल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, घ्यायला हवं होतं. बाई ओरडल्या, "उजवीकडे!"

आणि साहेबांनी ऐकलं. निमूट उजवीकडे वळले आणि कठड्यावर जाऊन आदळले. भुवईवर टाके पडले, मनगट सुजून टम्म झालं, गुडघा सोलवटून निघाला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर साहेब म्हणाले की माझाच पाय सरकला. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टाके निघाले, सूज उतरली, पण साहेब काही बुटांना हात लावेनात. आज गारठा फार आहे, उद्या बघू. उद्या उजाडलं की मनगट ठणकतंय. बाईंनीही जोर केला नाही, कारण खरं दुखणं कुठे आहे ते त्यांना दिसत होतं. त्यांनी सांगावं, "चहा ठेवलाय, उजव्या हाताला," की साहेब "हं" म्हणायचे आणि आधी दोन्ही हातांनी टेबल चाचपायचे. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बाई म्हणतील तिथे हात सरळ जायचा, कपाच्या कानाला भिडायचा. मॅरेथॉन गेली चुलीत, पण माणसाने आपल्या शब्दाला असं चाचपून बघावं? बाईंना चहा गिळवेना.

आपण असं उलटं कसं बोललो, याचा त्यांनी डोकं फुटेस्तोवर विचार केला. त्यांना डावं-उजवं कळत नाही असं का होतं? जन्म गेला तेच शिकवण्यात!

उत्तर वर्गातच सापडलं. पोरांसमोर उभ्या राहून गाणं घेत होत्या. "उजवा हात वर" म्हणाल्या आणि सगळ्या चिमुरड्यांचे उजवे हात वर गेले. बाईंचाही एक हात वर होता. त्यांनी वर बघितलं. तो डावा होता. हे तर रोजचंच, कारण पोरांकडे तोंड करून उभं राहायचं तर आपण उलटा हात उचलायचा, म्हणजे समोरच्याला सुलटा दिसतो. इतकी वर्षं तोंडाने "उजवा" म्हणत डावा उचलला होता. घाईच्या क्षणी अंग डावीकडे गेलं आणि तोंडाने आपली नोकरी केली. बाई तिथेच लहानग्या खुर्चीवर मटकन बसल्या, आणि हसू यायच्या आधी डोळेच भरून आले.

घरी येऊन त्यांनी चप्पलही न काढता सगळं सांगितलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग खांदे हलायला लागले. अपघातानंतर ते पहिल्यांदा हसत होते.

"म्हणजे मी बालवर्गातच बसलो होतो म्हणायचं!" ते म्हणाले. "आता या वयात तुझं डावं-उजवं सुधारायचं नाही. ते काढूनच टाक."

काढून टाकलं. बाईंच्या बाजूला यायचं असेल तर "माझ्याकडे", लांब जायचं असेल तर "तुमच्याकडे". यात चुकायला जागाच नव्हती. स्वतः कुठे आहोत हे कुणीही विसरत नाही.

पण शब्द बदलले म्हणून भरवसा लगेच परत येतो थोडाच? पुन्हा पळायला लागले तेव्हा साहेबांचा मोकळा हात सारखा पुढे, हवेत, भिंत शोधत असल्यासारखा. बाई ते बघायच्या. नुसतं सांगत राहायच्या, माझ्याकडे, तुमच्याकडे, आता सरळ. बागेतल्या माळ्याला वाटलं, नवरा-बायको वाटणीवरून भांडतायत. थंडी कडाक्याची झाली, मग सैलावली, आणि तो हात कधी खाली आला ते बाईंनाही नेमकं कळलं नाही.

मॅरेथॉनमध्ये ते अगदी मागे होते. शेवटच्या रुंद रस्त्याला लागले तोवर पाणी वाटणारे टेबलं मिटत होते. बाईंचे गुडघे बोलायला लागले होते.

"पुढे कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही हो. पार कमानीपर्यंत मोकळा रस्ता."

"मग दोरी सोड."

बाईंनी दोरी आणखी घट्ट धरली. नियमात बसत नव्हतं, पण नियम बघायला तिथे होतं कोण? नियमाचं काही नाही, बाईंना अजून तो कठडा दिसत होता.

"तू सांग, मी जातो," साहेब म्हणाले.

बाईंनी बोटं उघडली. साहेब पुढे गेले, दोन्ही हात मोकळे, छाती पुढे. मागून, डाव्या अंगाने, त्या सांगत राहिल्या, सरळ, किंचित माझ्याकडे, बस, सरळ. असं त्यांना पळताना बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं, कायम दोरीच्या दुसऱ्या टोकाला असायच्या ना. बघता बघता त्यांना रडू आलं आणि शब्दच फुटेना. त्या घाबरल्या. आता हे थांबतील, चाचपडतील.

साहेबांचा वेग जराही कमी झाला नाही.

"रडून घे सावकाश," ते मान न वळवता म्हणाले. "तू गप्प आहेस म्हणजे रस्ता सरळ आहे, एवढं कळतं मला."