महिपतीच्या अंगातली दारं

बुवापाड्यात महिपतीच्या आळसाची ख्याती मोठी. सणाचा दुसरा दिवस उजाडला की हा गडी हातपाय गाळून पडायचा आणि दुपार कलली की उठून चालू लागायचा. इतका शिस्तीचा आळस दुसऱ्या कुणाला जमला असता? कारखान्यातल्या सुपरवायझर हरिचंद्रने शेवटचं बजावलं होतं, "आता एक खाडा कर, मग कायमचा घरीच झोप."

त्यात बुद्धपौर्णिमा आली. वंदना झाल्यावर कौसाबाईंनी लेकाला आग्रहाने वाट्यावर वाट्या खीर चारली. अशक्त पोराला गोडधोड घालायचं, एवढं वैद्यक त्यांना पाठ होतं. सकाळी महिपतीचे पाय जागचे हलेनात. त्याची बायको द्रौपदी त्याचे पाय चोळू लागली. नवऱ्याची नोकरी गेली तर चूल कशी पेटायची? सासूबाईंनी लगबगीने ग्लुकोजचं पाणी पाजलं. मग हातही लुळे पडले.

चोर पकडायला हरिचंद्र जातीने घरी आला. त्याने महिपतीच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. महिपती खो खो हसला, पाय मात्र ओंडक्यासारखा पडलेला.

"कळतंय सगळं, फक्त हलत नाही! वहिनी, ह्याला नाटकात घाला."

"मग चला दवाखान्यात, भाऊजी. तिथंच काय ते ठरू दे."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटॅशियमचं खारट औषध पाजलं. दुपारी पाय हलला.

"बघा! सोंगच होतं," हरिचंद्र म्हणाला.

"सोंग नाही हो," डॉक्टर म्हणाले. " स्नायूंच्या पेशींना बारीक दारं असतात. पेशीच्या आतबाहेरच्या विजेत फरक पडला की ती उघडतात, सोडियम आत शिरतं, स्नायू आकसतो नि हातपाय हलतात. लगेच दारं मिटतात. ह्याची दारं जन्मापासून बिघडलेली. पोटभर गोड खाल्लं की रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं, विजेचा तोल जातो, दारं मिटलेलीच अडकून बसतात. मेंदूचा हुकूम येतो, पण उघडतंय कोण? गुदगुल्या कळवणाऱ्या नसा वेगळ्या, त्या ठणठणीत आहेत."

"म्हणजे माझ्या खिरीनं केलं?" कौसाबाई कळवळल्या.

"खिरीनं, आजी. वरून ग्लुकोजनं."

ज्याने एक इंजेक्शनसुद्धा दिलं नाही, त्याला डॉक्टर म्हणायला कौसाबाई तयार नव्हत्या. द्रौपदीने मात्र मनातल्या मनात हात जोडले.

नोकरी राहिली. हरिचंद्रला तर महिपतीच्या तब्येतीची भलतीच काळजी लागली. खात्यात कुणी पेढे वाटले, की महिपतीच्या वाटणीचे तो स्वतः खाऊन टाकू लागला.