डेव्हिड रामदीनचं पान

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या रेखाताई वानखडे सकाळच्या पहिल्या चहाबरोबर तुरुंगाची यादी वाचत. पेपर नाही, पंचांग नाही, तुरुंगाची यादी. डेट्रॉइट घरापासून पाऊण तासावर. तिथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात काल रात्री कोणाला आणून टाकलं, हे या देशात कोणालाही घरबसल्या बघता येतं. आडनाव टाका, की फोटो, उंची, वजन, आरोप, जामीन, कोर्टाची तारीख सगळं समोर. परक्याची अब्रू अशी दारावर टांगून ठेवायची काय गरज, असं रेखाताईंना दर वेळी वाटे आणि दर वेळी त्या आडनाव टाकत. खोडके. ते त्यांचं माहेरचं आडनाव.

उत्तर ठरलेलं असे: नोंद नाही. मग त्या दुसरी यादी उघडत, ती शवागाराची, बेवारस प्रेतांची. तिथेही खोडके नसला की त्यांच्या जिवात जीव येई. तुरुंगात नाही, शवागारात नाही, म्हणजे कुठेतरी आहे. या हिशोबावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती.

शोध धाकट्या भावाचा, एकनाथचा. त्याला अमेरिकेत आणलं रेखाताईंनीच. गाड्यांच्या कारखान्यात चिकटला, दोन वर्षांत नोकरी गेली, आणि मग सहा महिने तो ताईच्या सोफ्यावर बसून राहिला. एका संध्याकाळी रेखाताई हॉस्पिटलमधून बारा तास ड्यूटी करून आल्या, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, "जन्मभर पोसायला मी काय धर्मशाळा उघडलीय?" एकनाथनं सगळी भांडी घासली, पुसून फडताळात लावली आणि बॅग उचलून निघून गेला. परत आला नाही. रेखाताईंना त्याला एकच गोष्ट सांगायची होती: चुकलं माझं.

आधी त्या फोन करून विचारत, पुढे याद्या इंटरनेटवर आल्या. नवरा, राजीव, होता तोवर चिडायचा. तो गेल्यावर चिडायचं काम मुलगी अनिकानं घेतलं. "आई, प्लीज, इट्स नॉट हेल्दी," ती म्हणे. रेखाताई मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसत.

दुसऱ्यांची नावं वाचायची नाहीत, असा त्यांचा नियम होता. तो एकदाच मोडला. अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शवागाराच्या यादीत एक नाव आलं, डेव्हिड रामदीन, आणि उन्हाळा आला तरी हलेना. त्या 'राम'मुळे असेल, रेखाताईंचा डोळा रोज तिथे अडखळे. कोणाचा कोण, पण कोणीतरी आपल्याकडचा, आणि न्यायला कोणी नाही. एक दिवस नाव यादीतून गेलं. त्या वर्षी सर्वपित्रीला त्यांनी सासू-सासऱ्यांच्या बरोबर एक जास्तीची कागदी ताटली वाढली: खीर, वडे, भात. मागच्या दारच्या लाकडी डेकच्या कठड्यावर ठेवून म्हणाल्या, "हे डेव्हिड रामदीनला." भावाचं पान मात्र त्या कधी वाढत नसत. जिवंत माणसाचं कशाला वाढायचं!

तेव्हापासून दर वर्षी तसंच. आणि दर वर्षी त्या हात धुऊन येईपर्यंत रामदीनची ताटली रिकामी झालेली असे. बाकीच्या संध्याकाळपर्यंत तशाच राहत. कावळा आलेला त्यांनी कधी पाहिला नाही. अनिका म्हणे खार असणार. असेल.

यंदा पोळ्याला आठ दिवस असताना सकाळी त्यांनी खोडके टाकलं, आणि खाली एक ओळ उमटली.

एकनाथ दौलत खोडके. जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्तावन्न. बंद पडलेल्या कारखान्यात झोपला म्हणून पूर्वी समन्स, कोर्टाची तारीख चुकवली म्हणून आता अटक. फोटोच्या जागी लिहिलं होतं, उपलब्ध नाही.

कपातला चहा टेबलावर सांडला तरी त्यांना कळलं नाही. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आणि ती एक जून! गावातल्या मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्या पोरांना तीच तारीख चिकटवली होती. फक्त उंची पाच फूट चार लिहिली होती. एकनाथ होता पाच फूट नऊ. म्हातारपणी माणूस खचतो, असं रेखाताईंनी स्वतःला सांगितलं. पाच इंच?

भेट व्हिडिओवर असते. अनिकानं कुरकुरत वेळ घेतली, वीस मिनिटांची, शनिवारी सकाळी अकराची. रेखाताई ठेवणीतली साडी नेसून स्वयंपाकघराच्या टेबलाशी टॅबलेटसमोर बसल्या. पडद्यावर आधी रिकामी खुर्ची दिसली, मागे पिवळी भिंत. बराच वेळ नुसती खुर्ची. मग बाजूनं एक म्हातारा आला आणि बसला.

तो एकनाथ नव्हता. रंग आपला, नाक-डोळे आपले, पण माणूस परका. तो शांतपणे त्यांच्याकडे बघत होता, वाट पाहून थकलेल्या माणसासारखा.

"यू आर रेखा," तो म्हणाला.

रेखाताईंच्या अंगावर काटा आला. अनिका त्यांच्या खुर्चीमागे उभी होती, तिनं त्यांचा खांदा घट्ट धरला. रेखाताईंनी इंग्रजीत विचारलं, "तुमचा वाढदिवस कधी?"

"एक जून," म्हातारा म्हणाला. मग हळूच हसला. "तो मास्तरांचा. खरा तान्हा पोळा."

मराठीचं एक अक्षर न येणाऱ्या त्या तोंडातून 'तान्हा पोळा' हे दोन शब्द स्पष्ट, वऱ्हाडी वळणानं आले. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल ओढत हिंडत असताना एकनाथ जन्मला होता. हे आईला माहीत होतं, आई गेली. आता एकनाथ सोडला तर जगात ते एकट्या रेखाताईंना ठाऊक होतं.

"तो कुठाय?"

म्हातारा गयानाचा होता. त्याच्या पणज्याला ऊस तोडायला भारतातून नेलेलं. तो आणि एकनाथ एका हॉटेलात स्वयंपाकी होते, वरच्या मजल्यावर एकाच खोलीत राहायचे. त्याच्याकडे इथे राहायचे कागद नव्हते, एकनाथकडे होते. एका हिवाळ्यात एकनाथच्या फुफ्फुसानं दगा दिला. अँब्युलन्सची माणसं जिना चढत असताना त्यानं आपलं पाकीट मित्राच्या खिशात घातलं, मित्राचं स्वतः घेतलं आणि म्हणाला, मला आता कागद काय कामाचे? हॉस्पिटलात नाव विचारलं तेव्हा त्यानं मित्राचं सांगितलं.

"त्याचं प्रेत घ्यायला मी गेलो नाही," म्हातारा म्हणाला. "मी गेलो असतो तर मलाच धरलं असतं. नंतर एकदा काउंटीच्या दफनभूमीत जाऊन आलो. दगडावर माझं नाव आहे. माझ्याच थडग्यापाशी उभं राहून मी त्याच्यासाठी रडलो."

रेखाताईंना पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. आतून त्यांना उत्तर कळलं होतं. "तुमचं नाव काय?"

त्यानं मान वळवून मागे पाहिलं, पहारेकरी लांब होता. मग ओठ पडद्याजवळ आणून तो पुटपुटला, "डेव्हिड रामदीन."

रोज. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, रोज चहाच्या घोटाबरोबर ते नाव त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पाऊण तासावर एकनाथ थंड फळीवर पडून होता आणि त्या त्याच्यावरून बोट फिरवून खोडके शोधत होत्या. मग म्हणत होत्या, नाही सापडला, बरं झालं!

"माझ्यावर रागावला होता का?" त्या मराठीतच बोलून गेल्या. अनिकानं इंग्रजीत सांगितलं.

"छे. लाजत होता. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी जाईन. वर्षं फार झाली मग." म्हातारा पुढे वाकला. "तुम्ही आता माझं नाव यांना सांगणार?"

पडद्याच्या कोपऱ्यात शेवटचे सेकंद उतरत होते. रेखाताईंनी नुसती मान हलवली, नाही अशी. त्यानं ती पाहिली की नाही कोण जाणे. पडदा काळा झाला.

चार दिवसांनी त्याला सोडलं. पाचव्या दिवशी रेखाताईंनी सवयीनं खोडके टाकलं. नोंद नाही. हेच दोन शब्द ऐकून-वाचून त्या अठ्ठावीस वर्षं सुखानं चहा पीत आल्या होत्या. त्यांनी टॅबलेट उचलून कपाटात ठेवून दिला.

सर्वपित्रीला अनिका सुट्टी काढून आली. तिनंच ताटल्या बाहेर नेल्या आणि कठड्यावर ओळीनं मांडल्या. रेखाताईंनी सासू-सासऱ्यांची आणि राजीवची नावं घेतली, मग शेवटच्या ताटलीपाशी आल्या, खीर थोडी जास्त घातली आणि हात जोडले.

"हे डेव्हिड रामदीनला."

"आई," अनिका हळूच म्हणाली, "यू नो हिज नेम नाऊ. मामाचं नाव घे ना."

"अकरा वर्षं या नावानं जेवून जातोय गं तो," रेखाताई म्हणाल्या. "आता खरं नाव घेऊन हाक मारली आणि पुन्हा लाजला तर?"

दोघी आत आल्या. रेखाताईंनी सिंकमध्ये हात धुतले, पुसले आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मागे वळून बघायचा त्यांना धीर होईना. अनिका काचेपाशी उभी राहून बाहेर बघत होती.

"झाली का रिकामी?" त्यांनी विचारलं.

"हो," अनिका म्हणाली. "पण आई, मी इथेच उभी होते. खार नाही आली."