एकदाच विचारणारी चौकट

झोर्नित्सा नक्की कसली नोकरी करते, हे तिच्या बाबांना कधीच कळलं नाही. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात ऑफिसात बसून ती दिवसभर एकच अ‍ॅप तपासणीसाठी फोनवर चढवायची, उघडायची, समोर येणाऱ्या चौकटीत 'नको' दाबायची आणि अ‍ॅप काढून टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. काढावंच लागे. सूचना पाठवू का, हे ती चौकट एकदाच विचारते. एकदा 'नको' म्हटलं की अ‍ॅप गप्प ते गप्पच.

अ‍ॅप मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी होतं. जवळच्या शेतकऱ्याने कीटकनाशकाची फवारणी अ‍ॅपवर नोंदवली की आदल्या दिवशी फोन वाजणार, म्हणजे पेट्यांची तोंडं बंद करता येतील. बाबांच्या पेट्या शेजारच्या गेंचोच्या सूर्यफुलाच्या शेताला लागूनच होत्या, त्यामुळे या कामात तिचा जीव अडकला होता. आणि म्हणूनच ती चौकट बघून तिचं टाळकं फिरायचं. अ‍ॅप उघडतं न उघडतं तोच, काही न सांगता, ती तोंडावर आदळायची.

"म्हातारी माणसं घाबरून 'नको' दाबतील रे," तिने टीमप्रमुख ओग्न्यानला पुन्हा एकदा सांगितलं. "आधी दोन ओळींत सांगू या ना, फवारणीचं कळावं म्हणून विचारतोय."

"पुढच्या खेपेला बघू. आणि 'नको' दाबण्याइतकं बावळट कोण असतं?"

"माझे बाबा!"

"मग तूच लावून दे त्यांना. मिटलं!" असं म्हणून तो खुशाल बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पेस्ट्री, चावत बसला. ती कागदासकट त्याच्या घशात कोंबावी, असं तिला वाटलं.

रविवारी ती गावी गेली. ओग्न्यानच्या नावाने बोटं मोडत तिने बाबांच्या फोनवर अ‍ॅप चढवलं. चौकट आली, अंगठा चालला, चौकट गेली.

"झालं! आता गेंचोकाकांकडे खेटे घालू नका," ती म्हणाली.

दरवर्षी फुलोरा आला की बाबा राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली घेऊन गेंचोकडे फवारणीची चौकशी करायला जात. गेंचो दिवस सांगून "पेट्या बंद करशील ना?" असं विचारे, आणि त्या सकाळी ट्रॅक्टर दारात थांबवून बाबांना पुन्हा ओरडून विचारे, "स्तामेन, पेट्या बंद केल्यास ना?" यंदा बाटली कपाटातच राहिली.

पुढच्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. "झोरे, तुझं ते यंत्र काही बोललंच नाही गं."

ती मिळेल त्या बसने निघाली. ओग्न्यानला काय काय सुनवायचं, हे तिने वाटेतच ठरवून टाकलं होतं. पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा थर पडला होता, काही अजून जागच्या जागी गरगर फिरत होत्या. कुंपणापलीकडे गेंचो टोपी हातात घेऊन उभा होता. "मी आदल्या दिवशीच टाकलं होतं गं अ‍ॅपवर, म्हटलं कळलंच असेल," तो म्हणाला.

तिने बाबांचा फोन घेतला, सेटिंग उघडलं. सूचना : बंद.

"बिघडलाय का?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. मीच 'नको' दाबलं. दिवसभर तेच दाबते... अंगठा आपोआप गेला."

बाबा खराट्याने माश्या गोळा करत होते. ते थांबले.

"मग त्याने परत नाही विचारलं?"

"ते एकदाच विचारतं."

"गेंचो दोनदा विचारायचा," बाबा म्हणाले आणि पुन्हा झाडू लागले.