दाखवायची आई

"म्हैस घेताना दूध काढून बघता, आनि कुत्रं घेताना फोटो बघता? आई बघितली का त्याची?"

पिशवीतून पिल्लू बाहेर यायच्या आत त्यांचा हा प्रश्न यायचा. कर्जतच्या गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुणं, सलाईन लावणं हे त्यांचं काम. पण डॉक्टर दौऱ्यावर असले की शेळीवाल्यांपासून फार्महाऊसवाल्यांपर्यंत सगळे त्यांच्याच टेबलाशी उभे असत. मे महिन्यात कुणी थंड मुलखातला, धापा टाकणारा हस्की कुत्रा आणला, तर म्हणायचे, "याचं आधी काश्मीरचं तिकीट काढा, मंग औषध देतो."

आईचा प्रश्न मात्र थट्टेचा नव्हता. ज्याला काही लपवायचं नाही तो पिल्लाची आई दाखवतो, एवढं साधं त्यांचं म्हणणं. लोक माना डोलवायचे आणि पुढच्या महिन्यात मोबाईलवर फोटो पाहून पिल्लू आणायचे. मग ते हातातला कापूस बादलीत आपटायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, नेहमी बरोबर बोलतो म्हणून नकोसा झालेला.

माझ्या मुलीला नवव्या वाढदिवसाला लॅब्राडोर हवा होता. मी त्यांना विचारलं. त्यांनी खालापूरकडच्या एका बाईंचा पत्ता दिला. एकदा पिल्लं झाली की त्या आपल्या कुत्रीला वर्षभर तरी विसावा देतात, पिल्लू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय हातात देत नाहीत आणि न्यायला येणाऱ्याचीच उलटतपासणी घेतात.

"चार महिनं थांबावं लागंल, गुरुजी."

"वाढदिवस रविवारी आहे हो."

"वाढदिवस दरवर्षी येतो."

मी पोरांना धीर धरायला शिकवणारा मास्तर. खोपोलीच्या रस्त्याला एकाकडे पिल्लं तयार आहेत असं कळलं आणि रविवारी सकाळी मुलीला घेऊन निघालो. ड्रेसरकाकांनाही बरोबर नेलं. जाणता माणूस सोबत असला की आपली जबाबदारी संपली, ही माझी हुशारी.

त्या विक्रेत्याने पंचेचाळीस दिवसांची म्हणून पिल्लं दाखवली. काकांनी एकाचं तोंड उघडून पाहिलं. "महिन्याचं बी नाय हे. आई कुठं हाय?"

त्याने आतून एक गुबगुबीत, न्हाऊ घातलेली कुत्री आणली. काका खाली बसले, तिला चुचकारलं, पोटाखाली हात घातला आणि उठले.

"सड कोरडे हायत, दुधाचा थेंब नाय. ही आई नाय, दाखवायला ठेवलीय. चला गुरुजी."

तोवर मुलगी पिल्लाचं नाव ठेवून मोकळी झाली होती. ते तिच्या फ्रॉकच्या ओच्यात झोपलं होतं. मी म्हणालो, "आता राहू द्या हो, तिचा हिरमोड होईल." मी पैसे मोजले आणि पिल्लू घेऊन आम्ही रिक्षात बसलो.

सहाव्या दिवशी पिल्लाला रक्ताची हगवण लागली. पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा आजार. काका रोज ड्यूटी संपवून घरी यायचे, सलाईन खिडकीच्या गजाला टांगायचे आणि त्याचा पाय धरून तास तास बसायचे. "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या विक्रेत्याचा राग येत होता, काकांचाही येत होता, की मला दंडाला धरून ओढत का नाही नेलं? खरा राग कुणाचा ते कळत होतं, म्हणूनच तो कुणावर काढता येत नव्हता.

आजाराच्या चौथ्या दिवशी पिल्लू गेलं.

त्याच वर्षी ते निवृत्त होऊन कशेळ्यापलीकडच्या आपल्या गावी गेले आणि गेल्या थंडीत तिथेच वारले. लोक आता मला विचारतात, चांगलं पिल्लू कुठं मिळेल. मी त्या बाईंचा पत्ता देतो. चार महिने ऐकलं की विषय बदलतात. माझं डोकं फिरतं, पण कुणाला बोलू? मला पिल्लू गेलं ती दुपार आठवते.

परसात पेरूखाली ते खड्डा खणत होते. मुलगी पिल्लाला टॉवेलात धरून उभी होती.

"काका, याच्या खऱ्या आईला कळलं असेल का हो?"

माझ्या ओठांवर काहीतरी गोड खोटं तयार होतं. पण विचारलं त्यांना होतं.

"नाय गं," ते म्हणाले. "अजून दूध आटलं नसंल तिचं. शोधत असंल ती."

मुलगी रडत घरात पळाली. मी फावडं घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ते दिलं नाही.