हिल्मी बेंचं खानदान

कैरोच्या दफ्तरखान्यात वक्फाचे, म्हणजे दान म्हणून राखलेल्या मिळकतींचे, जुने कागद वाचण्यात बुरईंची हयात गेली होती. इथे येणाऱ्या प्रत्येकाचा खापरपणजोबा अमीरच असतो, हे त्यांना पाठ होतं. नावापुढे 'बे' हा किताब मिरवणाऱ्या हिल्मींचाही होता.

महिनाभर धूळ खाल्ल्यावर बुरईंना बेंच्या घराचा कागद सापडला.

"मुबारक, बे! घरात राहायचा हक्क तुमच्याच वंशाचा."

"मग! खानदानी रक्त आहे आमचं!"

"खापरपणजोबा तिथले दरवान होते. वक्फ करणाऱ्या बाईंची अट आहे, दरवानाच्या वंशजाने रोज सकाळी उंबरठा स्वतःच्या हाताने झाडायचा."

बेंचा चेहरा पडला. "उस्ताज बुरई, हे कुणाला कळतंय?"

"एक दिवस चुकलात तर घर शेजाऱ्याचं, असंही लिहिलंय. तो कालच या कागदाची नक्कल घेऊन गेला."