बिनखिशाचा सदरा

बडीशेपेचा वास आला की मला पर्वत पाटिया भागातलं ते हॉटेल आठवतं, जिथे नव्वदीच्या दशकात मी वेटर होतो. शेठ एवढा चिकट की त्याच्या सावलीत उभं राहिलं तरी भाडं मागेल. पगार नावापुरता, आणि टीपसुद्धा गल्ल्यावरच्या डब्यात टाकायची; म्हणून त्याने आमचे सदरे-विजारी बिनखिशाच्याच शिवून घेतल्या होत्या. एका दुपारी कापडाच्या एका व्यापाऱ्याने आमच्यातल्या म्हाताऱ्या वेटरकाकांच्या हातात पन्नासची नोट कोंबली. काकांची बायको सिव्हिलमध्ये होती, इंजेक्शन बाहेरून आणायचं होतं. त्यांनी नोटेची घडी करून गालात दडवली. तेवढ्यात गल्ल्यावरून शेठने गिऱ्हाइकाने काय दिलं ते गुजरातीत विचारलं, "काका, पार्टीए शुं आप्युं?" काकांनी नुसती मान हलवली. "जीभ गावाकडे ठेवून आलात काय? तोंड उघडा." काकांनी आवंढा गिळला, मग तोंड उघडलं. "काहीच नाही, शेठ." हा किस्सा मी हजार बैठकांत सांगितलाय, सांगता सांगता नोट पाचशेची केली, लोक पोट धरून हसतात. नंतर काका मोरीवर घशात बोटं घालून कितीतरी वेळ ओकत होते आणि नोट काही आली नाही, एवढं मात्र मी कुणाला सांगत नाही.